खोलीची शांतता

तिनं रिकाम्या खोलीची शांतता उचलली आणि प्रश्न नि उत्तराच्या मधे बसवली. मुलाखत संपली की खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, कापाकापीचे सांधे झाकायला. ही पॉडकास्टच्या कामातली रीतच होती.

"अजून थोडी," खुर्चीमागून निवेदक म्हणाला.

"अहो, तुम्ही 'बायकोला ढकललंत का?' विचारलंत, तर तो चष्मेवाला प्रश्न संपायच्या आत 'नाही' म्हणाला होता."

"मग 'नाही'च ठेवलंय की! शब्द कुठे बदलतोय आपण?"

तिला लाज वाटली. तरी तिनं 'नाही'च्या आधी अजून थोडी शांतता घातली.

पॉडकास्टचा तो भाग तुफान गाजला. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या चष्मेवाल्याची बायको जिन्यावरून पडून वारली, पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. 'नाही' म्हणायला केवढा वेळ लागला बघा, चोराच्या मनात चांदणं, असं जो तो म्हणत सुटला.

मग एका दुपारी स्टुडिओचं जाड दार खांद्यानं ढकलत चष्मेवालाच आत आला. निवेदक काचेपलीकडे माइकसमोर बसला होता. त्यानं हसून हात केला. नजर मात्र तिच्यावर.

"ताई, बदनामी पुसायला मुलाखतीला आलो होतो तुमच्याकडे. हात दाखवून अवलक्षण झालं," चष्मेवाला म्हणाला. स्वच्छ चष्मा तो सदऱ्याला पुसत राहिला. "गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे. लेक मामाकडे निघून गेली हो. म्हणते, बाबा, एवढा विचार कसला करत होता?"

तिनं कानावरचा हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला.

"मला वाटत होतं, मी लगेच म्हणालो. मग मीही ऐकलं. कितीदा तरी ऐकलं. आता माझीच मला खात्री नाही. तुम्ही सांगा, थांबलो होतो का मी?"

मूळ रेकॉर्डिंग तिच्या समोरच होतं. हेडफोन त्याच्या हातात दिला की झालं. काचेपलीकडे निवेदकाचं हसू मावळलं होतं. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? तिनं हेडफोन उचलला, पण पुन्हा खाली ठेवला.

चष्मेवाल्यानं वाट पाहिली. मग चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे थांबलोच होतो," तो म्हणाला. "लेकीला सांगतो, बाई, तुझंच बरोबर."

"नाही," ती म्हणाली.

तोवर जाड दार लागलं होतं. आतला आवाज बाहेर जाऊ नये, म्हणूनच ते बसवलं होतं.