पाना कीर्तनाला गेला त्याची गोष्ट

या, जवळ येऊन बसा. तिकडं दाराशी काहून बसता, सतरंजी मोकळी आहे. मागच्या मायबाईहो, तुम्हीही सरका पुढं. आज तुम्हाला एका पान्याची गोष्ट सांगते. पाना म्हणजे नट आवळायचा, लोखंडी. ऐकून हसाल, पण शेवटपर्यंत हसाल असं वचन देत नाही.

आमच्या घरी उत्तमराव. माझे यजमान. वीज मंडळातून निवृत्त झाले आणि धामणगावच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमधून एक लाल गाडी अकोल्याला घेऊन आले. विलायती, बिनटपाची, दोनच माणसं बसतील अशी, जुन्या काळातली शर्यतीची. तिच्यात कोंबड्या झोपायच्या. मी म्हटलं, "काहो, हे काय आणलं?"

"अवं मैना, जुनी चीज आहे. अशी आता भेटत नाही."

"जुनी तर मीही आहे. माह्या गुडघ्याले कधी तेल लावलं का?"

तेव्हापासून अंगणात गाडी आणि गाडीखाली माणूस. चहासुद्धा मी वाकून, पायांना हाक मारून द्यायची.

ते वर्ष कसं होतं तुम्हाला ठाऊक आहे. बुडालेल्या कापसानं अख्ख्या वऱ्हाडाचा दम काढला होता. लग्नं व्हायची ती मुकाट्यानं; बँड लावायची लोकांना लाज वाटे. आमच्या शेजारच्या सुंदराबाईंच्या दीक्षाचंही लग्न विहारात, साधंच ठरलं होतं. ती पोरगी एक दिवस म्हणाली, "काका, मले वरात नको, बँड नको. फक्त बोळवण तुमच्या लाल गाडीतून करा." झालं! उत्तमरावांच्या अंगात वारंच शिरलं.

गाडी पुढच्या चाकापाशी कुईकुई करायची. चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यात रबराचे बुश असतात, ते खलास झाले होते. अमरावतीला फारुखभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान. यांचे कॉलेजपासूनचे दोस्त. त्यांनी एसटीनं बुशचे दोन जोड पाठवले आणि फोनवर बजावलं, "उत्तम, आखरी नट वजनावर कसजो बरं का."

आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण आमच्या माणसानं गाडी जॅकनं उचलली, खाली विटा रचल्या, जॅक काढला आणि चाकं तशीच लोंबत ठेवून पान्याला हा लांब पाइप जोडला. मग त्या पाइपवर स्वतः लटकले. मी म्हटलं, "हे काय करून राहिले?"

"फारुख म्हणे वजनावर कस. माहं वजन काय कमी आहे?"

गाडी खाली उतरवून रस्त्यावर दोन चकरा मारल्या आणि नवे कोरे बुश फाटले. फोनवर फारुखभाईंचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "अबे, तुह्या वजनावर नाही! गाडीच्या! चाकं टेकलेली पाहिजेत, गाडीचा भार चाकांवर पाहिजे, तवा कसायचं. लोंबत्या चाकावर कसलं तर नट रबराले तसंच धरून ठेवते. गाडी खाली आली की रबर पिळते अन् फाटते. अन् गाडी ठेवली होती कशावर?"

"विटांवर."

तसा त्यांचा आवाज एकदम उतरला. मग म्हणाले, "खाली जाऊ नको. मी उद्या येतो. भाभीले दे फोन." मला एवढंच म्हणाले, "भाभी, त्याले जाऊ देऊ नका."

हे सोपं आहे का हो? दीक्षाचं लग्न तीन दिवसांवर. सकाळी पाहते तर हे पुन्हा विटा रचून, खाली पोतं अंथरून तयार.

"फारुखभाई येऊन राहिले ना?"

"तो येईल दुपारी. फाटके बुश काढून ठेवतो तवापर्यंत."

"विटा आहेत त्या!"

"विटांवर घर उभं राह्यते, मैना. तू टाळ वाजव, नट माह्यावर सोड."

देवा, तुला काय सांगू, डोक्यात अशी तिडीक गेली! ते हात धुवायला वळले तेव्हा मी पाना उचलला, टाळांच्या पिशवीत टाकला आणि सरळ देवळात गेले. नत्थुजीबुवांचं सकाळचं कीर्तन होतं.

बुवांचा अभंग रंगात आला होता. मृदंग असा घुमत होता की मी पाना विसरलेच. तेवढ्यात दारात ग्रीसचं बनियन. टाळकऱ्यांच्या मधून वाट काढत हे माझ्यापाशी आले आणि दात खाऊन पुटपुटले, "पाना दे."

"नाही देत."

"मैना, इज्जतीचा सवाल आहे."

बुवांनी हात वर केला, मृदंग थांबला. "काय झालं, उत्तमराव?"

"काही नाही महाराज. माहा पाना हिच्यापाशी आहे."

सगळं देऊळ हसलं. बुवाही हसले. म्हणाले, "आरती झाली की देईल ती. पण आमच्या इथं रीत अशी, कीर्तनात पाय ठेवला की आरतीशिवाय उठायचं नाही. बसा." आणि स्वतःचे टाळ यांच्या हातात दिले! माझ्या जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू. चुकीच्या तालात का होईना, माणूस वाजवत बसला.

आरती झाली. घरी येताना रस्ताभर मला बोलणी. फाटक उघडलं.

गाडी बसली होती. एका बाजूच्या विटांचा चुरा झाला होता आणि लाल पत्रा जमिनीला टेकला होता. खालचं पोतं अर्धं बाहेर. शेजारी यांच्या घरातल्या चपला. आणि गाडीपाशी गुडघ्यावर बसून फारुखभाई एकट्यानं गाडी उचलायला पाहत होते. "उत्तम! उत्तम!" असं ओरडत होते.

"अरे फारुख, मी इथं आहे."

ते वळले. उठले. यांच्या जवळ आले आणि खाडकन कानाखाली दिली. मग यांनाच मिठी मारून रडायला लागले.

मी पाणी आणलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "सरफराज असाच गेला, भाभी. माहा लहान भाऊ. वलगावात ट्रक विटांवर ठेवला होता. मी बाजूलेच उभा होतो, पाना द्यायले. विटेले आतून भेग असते, वरून दिसत नाही." इतक्या वर्षांच्या दोस्तीत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. यांनी मान खाली घातली ती घातलीच.

दुसऱ्या दिवशी फारुखभाईंनी सांगितलं तसं झालं. गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना गुटके लावले. जॅकनं उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूच्या तिवयांवर ठेवली, हलवून पाहिली. बुश बसवले, नट नुसते हातानं फिरवले. मग चारही चाकांखाली सागाचे जाड, रुंद ओंडके देऊन गाडी त्यांवर उतरवली, घोड्याही न टेकता, नुसत्या आधाराला खाली राहू दिल्या. दोघांनी बोनेट दाबून गाडीला झोके दिले, ती आपल्या उंचीवर बसली, आणि तेव्हा कुठं आखरी नट कसले. वजनावर. गाडीच्या.

दीक्षा लाल गाडीतून गेली. कुई नाही का कुच नाही. सुंदराबाई रडल्या, मीही रडले. फारुखभाई फाटकात उभे राहून चाकांकडंच पाहत होते.

आता उठायच्या आधी एक मागते. कुणी विटांवर गाडी ठेवून खाली शिरताना दिसलं, तर पाय धरून बाहेर ओढा, भांडण झालं तरी चालेल. आणि घरी दिवा लावाल तेव्हा आमच्या फारुखभाईंच्या सरफराजची आठवण काढा. मी त्याला पाहिलं नाही. तुम्हीही नाही. तरी काढा.