किटली वाजायच्या आत

मार्च लागला तरी स्कॉटलंडमधल्या स्पे नदीपलीकडचे डोंगर माथ्यापासून कमरेपर्यंत पांढरेच होते. ऊना आता बारा वर्षांची झाली होती. उद्या, शनिवारी, आजोबांबरोबर त्या डोंगरावर जायला मिळणार की नाही, हे आज दुपारी ठरायचं होतं.

टॉर्मड आजोबांच्या घरात यासाठी एक परीक्षा होती. सेंगा आजी चुलीवर किटली चढवायची. डोंगरावर जाणाऱ्याने मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं, जाड हातमोजे घालायचे आणि बुटांखाली बर्फात रुतणारे पोलादी काटे बांधायचे. किटलीची शिट्टी वाजायच्या आत दोन्ही पायांचे पट्टे आवळले गेले, तर पास. हातमोजे काढले की नापास. वरच्या वाऱ्यात उघडी बोटं पाच मिनिटांत लाकडासारखी होतात, मग बक्कल लावायचं कुणी, असं आजोबांचं म्हणणं होतं.

ऊनाने आठवडाभर गोठ्यात बसून सराव केला होता. पिशवीही तिनेच भरली होती: नकाशा, होकायंत्र, जादा हातमोजे, ओटच्या कडक पोळ्या आणि चीज. आज पायरीवर पहिला पाय झटक्यात झाला. दुसऱ्या पायाचा पट्टा मात्र उलटा अडकला. तो सोडवून पुन्हा ओवेपर्यंत आत शिट्टी वाजली.

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

आजोबांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते फार वेळ घसा खाकरत राहिले. मग म्हणाले की हरकत नाही, डोंगर कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी बघू.

सेंगा आजीने किटलीत थंड पाणी भरलं आणि ती पुन्हा चढवली. "आता तुम्ही बसा."

"मी? चाळीस वर्षं काटे बांधतोय."

"म्हणूनच म्हणते, बसा. पोरीला बघू तरी द्या."

आजोबा ऐटीत पायरीवर बसले. बुटाचा पुढचा भाग काट्यांत नीट गेला, पण टाच काही केल्या बसेना. त्यांनी पाय आपटला, शिवी अर्धी गिळली, पुन्हा आपटला. नाताळात लेकीने दिलेले, आजच पहिल्यांदा घातलेले हे बूट जुन्यांपेक्षा बोटभर लांब होते, आणि काटे अजून जुन्याच बुटांच्या मापाला लावलेले होते. शिट्टी वाजून थांबली तरी ते धडपडतच होते.

"आजोबा," ऊना हळूच म्हणाली, "मधल्या पट्टीची खुंटी दोन भोकं मागे घ्या. मी माझ्या काट्यांची परवाच घेतली."

आजोबांनी खुंटी मागे घेतली. टाच खटकन बसली. हे वर, वाऱ्यात कळलं असतं तर काय झालं असतं, ते तिघांनाही समजलं होतं.

"दोघंही नापास," शेवटी ते म्हणाले. "उद्या कुणीच जायचं नाही. उद्या सराव."

शनिवारी आभाळ निरभ्र होतं आणि डोंगर चकाकत होता. असा दिवस आजोबांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. ते नि ऊना पायरीवर शेजारी शेजारी बसून काटे बांधत होते, सोडत होते. आजी आतून किटलीच्या खेपा मोजत होती आणि आजोबांनाच जास्त टोमणे मारत होती. संध्याकाळपर्यंत ऊनाने त्यांना तीनदा हरवलं.

रविवारी सकाळी दोघंही पास झाले. पण दुपारनंतर वारा वाढेल, माथ्याजवळचा बर्फ घसरायची भीती आहे, असं रेडिओवर सांगितलं होतं. आजोबांनी ऊनाला विचारलं, आता काय करायचं?

ऊनाने नकाशा उघडला. मोठ्या डोंगरावरून बोट नाइलाजाने खाली सरकवत तिने शेजारची बुटकी टेकडी दाखवली.

"बरोबर," आजोबा म्हणाले. "पुढे तू चाल. मी मागून येतो."