सयाजी पळाला नाही

सयाजीचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता. खरा एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि हा पुण्याच्या लष्करी दवाखान्यात मिळाला. पँट-बूट चढवला की कुणाच्या बापाला कळायचं नाही. म्हणूनच आकाराममामा त्याला वाटभर बजावत होता, "आधी पोरगी बघून हू दे. पायाचं मागनं बघू."

पलूसहून निघालेली भाड्याची जीप वारणेच्या खोऱ्यात शिरली. फाट्यावर मुलीचा बाप ज्ञानू वाट बघत उभा होता, तो आत बसला. दोन वळणं गेल्यावर त्यानंच जीप थांबवली.

"पावनं, उतरा! आमचं गवं बघा."

जसे काही ह्यानंच पाळलेत!

खाली छातीएवढ्या गवतात दहा-बारा गवे चरत होते. काळेशार, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. सयाजी रस्त्याच्या कडेला जाऊन बघत राहिला. तेवढ्यात मागच्या झाडीतून एक थोरला गवा थेट रस्त्यावर आला, अगदी दहा हातांवर. मामानं धूम ठोकली. ज्ञानू त्याच्याही आधी जीपमध्ये. सयाजीची बोबडी वळली, पण पळणार कशानं? तो तसाच उभा राहिला. गव्यानं फुसकारून त्याला निरखलं आणि गवतात उतरून गेला.

घरी पोचेपर्यंत ज्ञानूचं तोंड थांबलं नाही. अंगणात शिरल्या शिरल्या त्यानं साऱ्या भावकीला ऐकवलं, "ह्यो हितं, गवा तितं! जागचा हलला न्हाई आमचा जावाई!"

जावई झालासुद्धा. मामा खूश होता. सयाजीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग नवरी मुलगी, मनू, पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे की," मामा घाईनं म्हणाला, "गाडीतनंच तर आलोय."

सयाजीनं तिच्याकडं बघितलं. हिला फसवून न्यायची? त्याला ते पटेना.

"एकच धुवायचा हाय," तो म्हणाला. "दुसरा लाकडाचा हाय. म्हणून पळालो न्हाई. भ्यालो तर लय हुतो."

मामानं कपाळावर हात मारला. ज्ञानूचं तोंड उघडं ते उघडंच. भावकी खाली बघायला लागली. संपलं सगळं, असं सयाजीला वाटलं.

मनूनं त्याच्या बुटाकडं बघितलं, मग बापाकडं.

"आण्णा, आतली खुर्ची आणा की," ती म्हणाली. "एका पायावर हुभं ऱ्हाऊन कसं धुतील?"

ज्ञानू मुकाट्यानं खुर्ची आणायला आत गेला.