नव्या माशीचा स्क्रू

“बाबा, माझ्या पिस्तुलाची माशी बदलली तर तुझं नक्की काय जातं?”

प्रश्न पोटात माझाच होता, पण तो तोंडाबाहेर काढायची पैज नेमबाजीतल्या माझ्या मैत्रिणींची, ब्रिन्ली आणि हॅडीची. दोघी अंगणात आमच्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसल्या होत्या आणि हसू दाबायला तोंडात सूर्यफुलाच्या बिया कोंबत होत्या. बाबा त्याच पिकअपच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत घुसलेला. तो काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, गॅरेजात बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त करतो, आणि घरी आला की विश्रांती म्हणून आमची गाडी उघडतो.

यात पैज लावण्यासारखं काय, असं वाटेल. पण माझ्या बाबाला, म्हणजे लोवेल क्रेट्झरला, आमच्या काउंटीत पिस्तुलाबद्दल असं कोणी विचारत नाही. नेमबाजी क्लबच्या भिंतीवर त्याचे फोटो आहेत, डोक्यावर केस असतानाचे. एक हात खिशात, दुसऱ्यात पिस्तूल, आणि चेहरा असा की समोरच्या निशाणाच्या कागदानंच त्याची माफी मागितलीय. त्याचं एकच पालुपद: कारखान्यातून जसं आलं तसं आधी चालवायला शीक, नखरे नंतर कर.

मी वर्षभर शिकत होते. नळीच्या टोकाला उभी असते ती माशी, मागे असते ती खाच. खाचेतून माशी बघायची, माशी निशाणावर न्यायची, चाप ओढायचा. पण माझ्या पॉइंट बावीसची माशी काळी, खाच काळी आणि कागदावरचं वर्तुळही काळंच. डांबरावर सांडलेलं डांबर शोधण्यासारखं. ब्रिन्लीच्या माशीत हिरवा काचतंतू होता, दिव्यासारखा चमकायचा. मे महिन्यात आमच्या संघाची निवड होती. राज्याच्या सामन्यांत संघातून चौघंच उतरणार, आणि त्या चौघांत मला जायचंच होतं. जायचंच म्हणजे जायचंच.

बाबानं डोकं बाहेर काढलं, हात पुसले, माझ्याकडे पाहिलं.

“काही जात नाही. बदलू की. तशीही ती कारखान्यात कुणीतरी झोपेत लावलीय. खाली मारते.”

हॅडीच्या तोंडातून बिया उडाल्या. माझ्या हातात ते पिस्तूल कधी खाली मारत नव्हतं, पण होकार देणाऱ्या बापाशी वाद कोण घालतं?

नवी माशी आली, सोबत नवी खाचही. खाचेला एक बारीक स्क्रू होता. तो आत फिरवला की खाच खाली जाते आणि गोळी खाली लागते, बाहेर फिरवला की गोळी वर. रविवारी चर्चहून आल्यावर बाबानं पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः पाहिलं, मला पाहायला लावलं, आणि पुन्हा स्वतः पाहिलं. मग नळी सुटी करून फडक्यात गुंडाळली आणि शिकंज्यात धरली.

“डावीकडून ठोकून काढायची, उजवीकडून ठोकून बसवायची,” तो म्हणाला. “उलटं केलंस तर खोबणी फाकली म्हणून समज.”

“मी ठोकू?”

“पितळी दांडा माशीवर धर. नळीवर नाही, जोरी. माशीवर. नळीला ओरखडा पडला तर तुझ्या आईला मी तोंड दाखवणार नाही.”

“माझा काय संबंध?” आई दारातून म्हणाली. तिच्या हातात कोबी-खिमा भरलेल्या पावांची थाळी होती. “त्या नळीपेक्षा माझ्या टेबलाला जास्त ओरखडे आहेत. ते कुणाला दिसतात का?”

कारखान्यातली माशी काही केल्या हलेना. मी ठोकलं, बाबानं ठोकलं, त्यानं तेल सोडलं, पुन्हा ठोकलं, आणि शेवटी ती टणकन उडून कपडे धुण्याच्या यंत्रामागे गेली. नवी बसेना, कारण तिचा तळ केसभर जास्त रुंद होता. बाबानं तो कानशीनं घासला. दोन घासे मारायचा आणि लावून बघायचा. घाई केलीस तर ढिली बसते, म्हणाला. मी इतक्या वेळा “आता?” विचारलं की त्यानं माझ्या तोंडात एक पाव कोंबला.

पण बसली! गॅरेजच्या दारातून येणाऱ्या उन्हात तो हिरवा ठिपका असा लखलखला की मी अंगणभर उड्या मारल्या.

खडीच्या खाणीत बाबानं पिस्तुलाचा नेम लावून दिला. पाच गोळ्या झाडल्या, स्क्रू फिरवला, पुन्हा पाच. सगळ्या वर्तुळाच्या मधोमध, जणू एकाच भोकातून. “घे,” तो म्हणाला. “आता तक्रार करायला जागा नाही.”

मी हिरवा ठिपका काळ्याच्या बरोबर मध्यावर नेला आणि चाप असा ओढला की माझा मलाच हेवा वाटला. पाचही गोळ्या वर, काळ्याच्या बाहेर. एकमेकींना चिकटून, पण वर.

“तळहातानं ढकलतेस, म्हणून नळी वर उडते,” बाबा म्हणाला.

“नाही ढकलत.”

“मग पिस्तूल तुझ्यावर रुसलंय का? आत्ता माझ्या हातात तर नीट चालत होतं.”

पुरावा कागदावर होता. मग आठवडाभर मी रिकाम्या पिस्तुलाच्या माशीवर नाणं ठेवून चाप ओढत बसले. नाणं पडता कामा नये. ते पडलं नाही. मी जेवताना बोटं ताठ, झोपताना मनगट ताठ. आई म्हणाली, “काटा तरी सैल धर, तो काही उडत नाही.”

शनिवारी सरावाला गोळ्या पुन्हा वर. कोच स्टुबेननी दुर्बिणीतून कागद पाहिला. शाळेत त्या आम्हाला बीजगणित शिकवतात आणि मैदानावरही फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्याच बोलतात.

“पाचही एकाच जागी लागल्यात. हात चुकला असता तर गोळ्या विखुरल्या असत्या. खाच वर आहे, क्रेट्झर.” त्यांनी स्क्रू आत फिरवला. “झाड.”

मधोमध! ब्रिन्लीनं कानावरची टोपणं काढून शिट्टी मारली. मी आनंदानं घरी गेले आणि बाबाला सांगितलं की आता सगळं झकास आहे.

“बघू या,” तो म्हणाला.

अठरा पूर्ण होईपर्यंत पिस्तूल बाबाच्या तिजोरीत राहतं, आणि बाबाच्या तिजोरीतलं कुठलंही हत्यार न तपासता बाहेर जात नाही. ही त्याची जुनी रीत. सरावाच्या आदल्या संध्याकाळी तो ते घेऊन खाणीत जातो, झाडून बघतो, साफ करून पेटीत ठेवतो.

पुढच्या शनिवारी गोळ्या पुन्हा वर.

मी रडले नाही. पण पायानं एवढी माती उडवली की शेजारच्या हॅडीला शिंक आली.

“आता काय केलंस?” कोचनी विचारलं.

“काहीच नाही केलं! मी ह्याला हातसुद्धा लावला नाही!”

“म्हणजे स्क्रू सरकतोय. ढिला असणार.” त्यांनी पुन्हा आत फिरवला. पुन्हा मधोमध. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा वर. ब्रिन्ली म्हणाली, “तुझ्या पिस्तुलात भूत आहे गं.” हॅडी म्हणाली, “भूत नाही, पाळणा आहे. वर-खाली, वर-खाली.” मला हसू आलं नाही. निवड पुढच्याच शनिवारी होती आणि माझं पिस्तूल कुठे मारणार हे कुणालाच, अगदी मलासुद्धा, माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी पेटी टेबलावर आपटली. “स्क्रू ढिला आहे! दर आठवड्याला सरकतो! कोच पण म्हणतात!”

“मी पण तेच म्हणतोय,” बाबा म्हणाला. “काळजी करू नकोस. नेम लावून झाला की त्यात गोंद घालतो. बर्फाच्या गाड्यांच्या बोल्टांना घालतो ना, तो. मग त्याचा बापही हलणार नाही.”

खरंच, त्याचा बापही हलला नाही.

निवडीच्या दिवशी आमच्याकडचा नेहमीचा वारा सुटला होता. झेंडे फडफडत होते आणि आई घडीच्या खुर्चीला धरून बसली होती. दोन फेऱ्या कागदावर, दोन्हींची बेरीज, वरचे चौघं संघात, पाचवा राखीव. पहिल्या फेरीच्या पहिल्याच कागदावर माझ्या गोळ्या वर. सगळ्या. मी खाली नेम धरू की मध्यात धरू, अशा गोंधळात पुढचे दोन कागद विखरून टाकले. कोचनी बाजूला घेऊन स्क्रूला पेचकस लावला. हलेना. दात ओठ खाऊन लावला, तरी हलेना.

“ह्यात काय घातलंय?”

“बाबानं गोंद घातलाय.”

“पण खाच खाली लावून गोंद घालायचा ना! वर ठेवून नाही!”

“वर कुठे आहे?” बाबा दोरीपलीकडून आला. “काल संध्याकाळी मी झाडलंय. बरोबर मध्ये जातंय.”

“लोवेल, पोरीचा कागद बघा जरा.”

“कोच, मी पिस्तूल बघितलंय.”

दोघं माझ्या डोक्यावरून असे बोलत होते की मी जणू पिशवी ठेवायचं स्टूल. माझा संयम तिथे संपला. मी बाबाच्या जाकिटाची बाही ओढली. “गप्प बसा दोघंही! बाबा, मला चित्र काढून दाखव. तू चाप ओढतोस तेव्हा तुला काय दिसतं?”

“काय दिसणार? खाच, माशी, काळं वर्तुळ.”

“काढ.”

त्यानं मातीत काडीनं काढलं. माशीचा उभा खांब, आणि त्याच्या डोक्यावर अलगद टेकलेलं काळं वर्तुळ. कुंपणाच्या खांबावर भोपळा ठेवावा तसं.

मी त्याच्या हातातली काडी घेतली आणि शेजारी माझं काढलं. काळं वर्तुळ, आणि त्याच्या पोटात, बरोबर मध्ये, माझा ठिपका.

बाबा दोन्ही चित्रांवर वाकला. मग कोचनी टोपी काढून तोंडावर धरली.

“भोपळा कुंपणावर ठेवता तुम्ही अजून?” त्या म्हणाल्या.

“आमच्या वेळी सगळे तसंच धरायचे,” बाबा म्हणाला. “कागदावर काळं झाकून टाकलं तर दिसणार काय?”

म्हणजे तो वर्तुळाच्या खाली नेम धरायचा आणि गोळी मध्ये जावी म्हणून खाच वर करायचा. मी मध्ये नेम धरायचे, तेव्हा तीच गोळी वर. कोच माझ्यासाठी खाच खाली करायच्या, मग बाबाला ते पिस्तूल खाली मारतंय असं वाटायचं, आणि तो ते ‘दुरुस्त’ करायचा. स्क्रू कधी ढिला नव्हताच. महिनाभर दोन शहाणी माणसं आळीपाळीनं एकच स्क्रू फिरवत होती आणि मी माशीवर नाणी ठेवत होते.

“दुसऱ्या फेरीला भोपळा खांबावर ठेव,” बाबा हळूच म्हणाला. “फक्त आज.”

दुसरा इलाज नव्हता. ठेवला. आणि दुसऱ्या फेरीत मी अख्ख्या मैदानात पहिली आले. बेरजेत पाचवी. चौथ्या हॅडीपेक्षा एका गुणानं मागे. हॅडीनं मला घट्ट मिठी मारली आणि मी तिला मारली, पण खरं सांगते, माझे दात आवळलेले होते.

परतताना बाबानं वाटेत, बीटच्या शेतांजवळ, गाडीच थांबवली.

“मी कोचना फोन करतो,” तो म्हणाला. “चूक माझी आणि त्यांची. तुला पहिली फेरी पुन्हा मिळाली पाहिजे. त्या नाही म्हणणार नाहीत.”

“नाहीच म्हणू शकत,” आई म्हणाली. “मी पण बोलते. मला काही त्यांच्याकडे बीजगणित शिकायचं नाहीये.”

“आणि एक बघितलंस ना?” बाबा मागे वळला. त्याला राहवतच नव्हतं. “माझ्या पद्धतीनं पहिली आलीस.”

मला आधी फोन करू दे असंच वाटलं. मग हॅडीचा चेहरा आला डोळ्यांपुढे; माझी फेरी पुन्हा झाली तर जागा तिचीच जाणार होती. मग राज्याचे सामने आले, जिथे कागदासोबत लोखंडी तवेही निशाणाला असतात. छोटे, मोठे, जवळचे, लांबचे, धडाधड पाडायचे. प्रत्येक तव्याखाली भोपळ्याचा खांब शोधत बसले तर घड्याळ संपेल. आणि राखीव मुलीला संघात जागा नसली तरी एकेरी सामन्यात झाडता येतं.

मी दोन्ही सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं.

“फोन करायचा नाही. दोघांनीही नाही. मी राखीव म्हणूनच जाणार आणि एकेरीत उतरणार, आणि ठिपका मध्येच ठेवून उतरणार. उद्या गोंद तापवून तो स्क्रू मोकळा करायचा, आणि त्यानंतर त्याला हात लावायचा तो फक्त मी. कोचनी नाही, बाबा, तू पण नाही. आदल्या संध्याकाळी खाणीत पिस्तूल मी झाडणार. तू शेजारी उभा राहायचंस, कायद्यानं तुला राहावंच लागतं, पण तोंड बंद ठेवून.”