काळ्या पॉलिशखालचा टाका

मी एक जुना लगाम आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, माझी ही कहाणी अभिमानाची नाही.

तैवी नदीकाठच्या गावात एका खोगीरवाल्याने मला जाड कातड्यातून कापले, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले आणि गालांवर पितळेच्या चकत्या बसवल्या. पहिल्या दिवसापासून मी इडवल या शेतकऱ्याकडे आहे. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वळू घोडे पाळतात. एप्रिलअखेर बार्लीची पेरणी उरकली, की शनिवारी गावच्या मोठ्या रस्त्यावरून या घोड्यांची मिरवणूक निघते. शेतकरी कडेला उभे राहून चाल पाहतात आणि आपल्या घोड्या कोणत्या वळूकडे पाठवायच्या ते ठरवतात. वीस वर्षे मी त्या रस्त्यावर मिरवलो. "इडवलचं पितळ बघा, आरसाच," असे कोणी म्हटले की मी फुलून जायचो. चढेल झालो होतो, दुसरे काय!

मग इडवलचा गुडघा गेला. त्याच्या तारन या वळूबरोबर धावणे त्याला जमेना. त्याची मुलगी मेनिर म्हणाली, "बाबा, यंदा तारनला मी नेते. नीट नेला, तर पुढं सगळे घोडे माझ्यावर सोपवायचे." इडवलने बरेच आढेवेढे घेतले आणि अखेर मान डोलावली.

शुक्रवारी मला पुसताना गालपट्ट्याच्या बक्कलाशी इडवलचे बोट थांबले. तिथला टाका कुजला होता. पितळ घासायच्या नादात मला तेल पाजायचे वर्षानुवर्षे राहून गेले होते. खोगीरवाल्याचे दुकान उघडे होते. पण इडवल पुटपुटला, "एवढं घासलंय, तो परत बोटं उमटवून ठेवील. सोमवारी बघू." त्याने टाक्यावर काळे पॉलिश चोळले. मित्रांनो, खरे सांगतो, मलाही बरेच वाटले. उद्या कोणाला दिसणार तर नाही!

शनिवारी मेनिर तारनबरोबर ताठ मानेने धावत होती.

"काय गं, तू घोड्याला नेतेस की घोडा तुला?" कडेला उभा असलेला म्हातारा हाऊएल ओरडला.

"ते संध्याकाळी घोड्यालाच विचारा, हाऊएलकाका," ती धावता धावता म्हणाली, आणि लोक हसले.

तारनची चाल अशी देखणी पडत होती, की दोघेतिघे शेतकरी एकमेकांकडे बघून पसंतीने माना डोलावू लागले. तेवढ्यात चौकात बँड वाजला. तारनने मान उडवली आणि मी तुटलो. घोडा उधळला, चहाच्या टेबलावर जाऊन आदळला, मनुकांचे पाव रस्ताभर लोळले. कोणाला लागले नाही, एवढेच नशीब.

"पोरीच्या हातात जनावर दिलं की हेच व्हायचं," हाऊएल म्हणाला.

सगळे इडवलकडे पाहू लागले. इडवलने नजर खाली घातली. "जोर कमी पडला तिचा," तो म्हणाला.

मी मेनिरच्याच हातात होतो. तिने कुजका टाका पाहिला, त्यावरचे पॉलिश अंगठ्याने खरवडले, बापाकडे एकदा पाहिले आणि मला गुंडाळून कोटाच्या खिशात घातले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तुटायचेच होते, तर अंगणातल्या सरावात तुटायचे होते. पण तिथे माझे पितळ बघायला कोण होते?

त्या वर्षी तारनकडे एकही घोडी आली नाही. मेनिर दुधाच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. तबेल्यात ती आता पाऊल टाकत नाही. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला असतो. पाहुणे म्हणतात, "किती जपलंय हो!" तेव्हा त्या भिंतीतच गडप व्हावेसे वाटते.

मित्रांनो, आमची चमक पाहून हुरळू नका. आम्हाला उलटवून शिलाई पाहा, वेळेवर तेल पाजा. आणि हातून चूक झालीच, तर ती ज्याच्या माथी बसली त्याच्यासमोर बोला. इडवल रोज सकाळी मला पुसतो आणि हळूच म्हणतो, "चूक माझी होती." मी कातडे आहे, मी काय माफ करणार! मेनिर तेव्हा पलीकडच्या खोलीत कामावर जायला बूट घालत असते.