शेजारच्या खाटेवरचं

"दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

"तीन," मेजर म्हणाली. खरं तर सात होतं.

"वारा सरला का?"

"अगं, हळू बोल."

"तुम्हीच शिकवलंय, मॅडम. पेशंटला ऐकू गेलं पाहिजे म्हणून." धाकट्या सिस्टरचा आवाज तसूभरही उतरला नाही. "झोप? भूक? मन कसं आहे?"

"उत्तम."

धाकटी पुढच्या खाटेकडे वळली. तिचं काही चुकलं नव्हतं. मोठ्या ऑपरेशननंतर पेशंटच्या शरीराबरोबर मनाचीही विचारपूस करायची, असा नियम आहे. ती एका दमात उरकायची, ही मेजरची पद्धत होती. याच वॉर्डात नर्स म्हणून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. मेजर हे नाव आवाजामुळे पडलेलं. तिसऱ्या खाटेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवव्या खाटेवरून यायचं. मनाचा प्रश्न ती चादर ओढता ओढता विचारायची आणि उत्तर यायच्या आत उशी झटकायची. तिच्या कारकिर्दीत बहुतेकांची मनं उत्तमच होती.

आता तिच्याच मोठ्या आतड्याचा तुकडा कापून काढला होता आणि पोटावर एक पिशवी चिकटवली होती. शौच त्या पिशवीत. केव्हाही, न विचारता. अशा पिशव्या तिने ढिगाने बदलल्या होत्या. "अहो, लाजायचं काय त्यात? सगळ्यांच्या पोटात तेच असतं," हे तिचं ठेवणीतलं वाक्य. स्वतःची पिशवी मात्र तिने अजून पाहिली नव्हती. धाकटी बदलायला आली की ती छताकडे बघायची आणि छताला रंग द्यायला झालाय, असं सांगायची.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. ऑपरेशननंतर एक-दोनदा त्यांच्याकडून अंथरूण खराब झालं होतं. सून म्हणाली होती, "आई, मला नोकरी आहे. तुमचं तुम्हाला जमायला लागलं की लगेच नेते." आजींनी ते जमवलं होतं. आज सून न्यायला येणार म्हणून त्या सकाळपासून केस विंचरून, चपला घालून खाटेवर बसल्या होत्या.

सून आली ती भेटीच्या वेळेला, सगळ्या खाटांभोवती पाहुणे दाटले असताना. तिने कपड्यांची पिशवी भरायला घेतली आणि नेमकं त्याच वेळी मेजरच्या पोटावर काहीतरी सुटलं. आधी कोमट लागलं. मग वास आला.

सुनेचा हात थांबला. "आई... परत?"

"नाही गं. आत्ताच जाऊन आले मी."

"मग हे काय आहे?"

धाकटी लगबगीने आली. आधी मेजरकडेच बघितलं तिने, पण विचारलं ते अदबीने. "मॅडम, तुमचं ठीक आहे ना?"

मेजरने पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं.

"माझं ठीक आहे. आजींचं बघ."

वॉर्डात मेजरचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सून बघायला थांबलीच नाही. कपड्यांची पिशवी तिने खाटेखाली सरकवली. "राहू देत मग अजून इथंच. मी एकटी काय काय करू?" असं म्हणून डोळे पुसत ती निघाली.

धाकटीने पडदा ओढला नाही. पडद्यात वेळ जातो, असं तिला शिकवलेलं होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर तिने आजींना कुशीवर वळवलं, कपडे वर केले, पाहिलं.

"कोरडं आहे," ती गोंधळून म्हणाली.

"झालं असेल बाई," आजी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मला आताशा कळत नाही." मग मान थोडी वळवून मेजरला म्हणाल्या, "तुम्हालाही त्रास झाला हो माझ्यामुळे."

छताला अजून रंग दिलेला नव्हता. मेजरने थोडा वेळ तिथे बघून पाहिलं. मग पाय खाली सोडले.

"मॅडम, कुठं? टाके आहेत—"

"सरक."

उशी पोटाशी दाबून, सलाईनचा स्टँड ढकलत ती बाहेर पडली. लिफ्टचं दार मिटत होतं. तिने स्टँड मध्ये घातला. दार आपटून पुन्हा उघडलं. आत सून होती आणि तिच्या आजूबाजूला खच्चून माणसं.

मेजर बोलायला गेली तर नुसती हवा बाहेर आली. आवाज पोटातून निघतो, हे तिला पोट कापल्यावर कळत होतं. तिने दम खाल्ला.

"वास माझा होता."

"काय?"

"आजींचा नाही. माझा." तिने उशी बाजूला केली. गाऊनवर डाग मांडीपर्यंत उतरला होता. तिनेही तो आत्ताच पाहिला.

सून डागाकडे बघत राहिली. "पण तुम्ही तर सिस्टर ना? तुम्हीच म्हणालात की—"

"हो. म्हणाले."

"त्या नाही म्हणत होत्या."

"हो."

सून वाट काढत बाहेर आली आणि वॉर्डाकडे चालू लागली. स्टँडचं चाक दारात अडकलं होतं. ते निघेपर्यंत लिफ्टला हलता येईना आणि मेजरलाही. सगळी माणसं मजल्यांचे आकडे वाचत उभी होती. अगदी पुढच्या एकाने रुमाल काढून नाकाकडे नेला. मग त्याने मेजरकडे पाहिलं, रुमाल तसाच वर नेला आणि कपाळावर नसलेला घाम पुसला.