पाच मात्रांची फजिती

शरच्चंद्र पिंपळापुरे लहानपणी आठ महिने तबला शिकले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी रायपुरात चाळीस वर्षं जाणकार म्हणून काढली. रेल्वेतून रिटायर झाल्यावर तर शहरात कुठंही गाणं असलं की पहिल्या रांगेत यांची खुर्ची ठरलेलीच.

त्या रविवारी संध्याकाळी तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये आधी ख्याल होता आणि नंतर जॅझ. ख्यालात शरच्चंद्रांचा हात दर वेळी नेमका समेवर पडला. तबलजी समेच्या आधी मान हलवायचा, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. शेजारच्या रामकृष्णभाऊंनी कानाशी येऊन विचारलं, "जॅझचंबी समजते का तुमाले?"

"हव. ताल म्हणजे ताल," शरच्चंद्र म्हणाले.

जॅझ सुरू झाला. ड्रम्सवर रायपुरातल्याच शंकर नगरची पोट्टी होती, दीक्षा. शरच्चंद्रांनी मांडीवर चार मात्रा धरल्या. रामकृष्णभाऊंनी त्यांचं पाहून धरल्या, आणि बघता बघता अख्खी रांग टाळ्या देऊ लागली. हात मधूनच बरोबर जागी पडे, मग सुटे. हे कलाकार कच्चे आहेत, असं शरच्चंद्रांनी मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात दीक्षानं रांगेकडे पाहिलं, तिची काठी अडखळली, आणि सॅक्सोफोनवाल्यानं वळून तिच्याकडे बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर ती सरळ त्यांच्याकडेच आली. चेहरा उतरलेला.

"अंकल, आप लोग क्या गिन रहे थे? मुझे लगा मैं ही गलत हूँ. अपने शहर में पहला शो था मेरा."

रामकृष्णभाऊ एकाएकी चपला शोधू लागले. 'आमच्या घराण्यात असंच मोजतात' हे वाक्य शरच्चंद्रांच्या जिभेवर आलं होतं. पण पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बेटा, तू बरोबर होतीस. मले काही येत नाही. आठ महिने शिकलो होतो, तेबी मार खात."

दीक्षा खदखदून हसली. "पाँच मात्रा थी, अंकल. तीन और दो." तिनं खुर्चीच्या पाठीवर वाजवून दाखवलं. शरच्चंद्रांनी चारदा प्रयत्न केला, चारही वेळा घसरले. शेजारी उभ्या मीराताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पर्स काखेत धरून पहिल्याच झटक्यात बरोबर वाजवलं.

"आंटी, आपने सीखा है?"

"कुठं वं! चाळीस वर्षं यायच्या बाजूले बसून राहिली, बस."

चार दिवसांनी तो कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचा फोन आला. सभासदांना जॅझ समजावून सांगायला कोणीतरी जाणकार हवा होता.

"एक मिनिट हं," शरच्चंद्र म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फोन मीराताईंच्या कणकेच्या हातात दिला.